बातमी स्वयंपाकघरात शेवटी येते

आमच्या मारवाडी जैन समाजात घराण्याची गोष्ट सांगायची एक ठरलेली रीत आहे. कुणी एक पूर्वज मारवाडातून लोटा आणि दोरी घेऊन निघतो. वाटेतल्या विहिरींचं पाणी गाळून पीत पीत दख्खनच्या एखाद्या खेड्यात येऊन थांबतो, ओट्यावर बसून धंदा सुरू करतो, आणि त्याचं पुढं मोठं दुकान होतं. माझ्या सासरी ते खेडं नगर जिल्ह्यातलं. पुढं सासऱ्यांनी तिथलं दुकान आवरलं आणि कापडाच्या धंद्यासाठी सुरत गाठली. ही गोष्ट मी लग्नात, बारशात, तेराव्याच्या जेवणात इतक्या वेळा ऐकली आहे की मधेच कुणी अडखळलं तर मी पुढची सांगू शकेन. लोटा पितळेचा होता हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक आहे. पण पणजी कधी आली, कुणाबरोबर आली, येताना काय मागं ठेवून आली, हे विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. “आली असेल नंतर,” असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो.

हे “आली असेल नंतर” माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होतं. दोन लेखिका लागोपाठ वाचल्या तेव्हा त्याला वाट सापडली. एक आपली लक्ष्मीबाई टिळक. नगरला बी.ए. करताना ‘स्मृतिचित्रे’ पहिल्यांदा वाचलं होतं, ते आता पुन्हा काढलं. दुसरी अमेरिकेतली लॉरा इंगल्स वाइल्डर. तिची पुस्तकं माझ्या लेकीच्या शाळेच्या वाचनालयातून घरात आली. लेक मोठी होऊन सासरी गेली, पुस्तकांचा नाद मला लागला तो लागलाच.

या दोघींची नावं सहसा कुणी एका दमात घेत नाही. पण जरा तारखा बघा. लॉराचा जन्म १८६७ चा, लक्ष्मीबाईंचा १८६८ चा. एक विस्कॉन्सिनच्या रानात जन्मली, दुसरी नाशिकजवळच्या जलालपूरला. लॉराचं पहिलं पुस्तक १९३२ मध्ये आलं, ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये. म्हणजे दोघींनीही साठी ओलांडल्यावर, संसार करून झाल्यावर, लहानपणापासूनचं सगळं आठवून लिहिलं. दोघींच्या पाठीशी त्यांचं लिहितं अपत्य होतं. लॉराची मुलगी रोझ तिची हस्तलिखितं तपासायची, नीट करायची. लक्ष्मीबाईंच्या मागं मुलगा देवदत्त होता. आणि दोघींच्या आयुष्यात एक प्रेमळ, हुशार, हातात पैसा न टिकणारा आणि एका जागी न टिकणारा पुरुष होता. लॉराचे वडील, लक्ष्मीबाईंचा नवरा. तो बेत बदलायचा आणि घरानं सामान बांधायचं.

लॉराच्या ‘बाय द शोअर्स ऑफ सिल्व्हर लेक’ (१९३९) या पुस्तकाची सुरुवात मला फार आवडते, कारण ती भांडी घासण्यानं होते. बारा वर्षांची लॉरा सकाळी भांडी घासते आहे. घरात सगळे नुकतेच तापातून उठलेत. थोरली बहीण मेरी त्या आजारात आंधळी झाली आहे. डॉक्टरचं देणं आहे, दोन वर्षं गहू नीट आलेला नाही. अशात दारात एक अनोळखी बाई गाडी घेऊन येते. ती निघते डोशिया आत्या, बापाची बहीण. तिच्याकडं बातमी आहे. तिच्या नवऱ्याकडं डाकोटात रेल्वेच्या बांधकामाचं कंत्राट आहे आणि तिथल्या दुकानाचा, हिशेबाचा माणूस हवा आहे. महिना पन्नास डॉलर. शिवाय पश्चिमेला सरकार जमीन देतंय.

बाप शेतावरून येतो, ऐकतो, आणि त्याचे डोळे चमकतात. आईला जायचं नाही. इथं घर आहे, जमीन आहे, मेरीला प्रवास झेपायचा नाही. ती हे सगळं बोलते, पण हळू आवाजात, जशा आपण बोलतो तशी. दिवस मावळायच्या आत ठरूनही जातं. दुसऱ्या दिवशी बाप आत्याबरोबर पुढं निघून जातो, आणि आई चार मुलींना घेऊन मागाहून आगगाडीनं जाते. “आली असेल नंतर” म्हणतात ते हेच.

या प्रकरणात लॉरा आईची बाजू घेऊन एक वाक्यही लिहीत नाही. तिला स्वतःला पश्चिमेला जायची ओढ होती. बाप आणि ती एका मातीचे. पण तिनं भांड्यांपासून सुरुवात केली, आत्याला जेवायला बसवलं, आईचा चेहरा दाखवला, आणि बाकी आपल्यावर सोडलं. चांगल्या लेखिकेचं हे लक्षण आहे. तिला स्वतःला काय वाटत होतं ते ती सांगतेच, पण समोरच्याला काय वाटलं असेल तेही आपल्याला दिसेल एवढी जागा ठेवते.

आता त्या घराचा प्रवास एकदा सरळ मांडून बघू. लॉरा दोनेक वर्षांची असताना घरदार विकून कॅन्सस. तिथं ओंडक्यांचं घर बांधलं, विहीर खणली, जमीन नांगरली, आणि १८७१ मध्ये ते सगळं सोडून परत विस्कॉन्सिन. १८७४ मध्ये मिनेसोटातलं वॉलनट ग्रोव्ह. तिथं आधी ओढ्याच्या काठात कोरलेल्या मातीच्या घरात राहिले. मग बापानं येणाऱ्या गव्हाच्या भरवशावर लाकूड उधार आणून नवं घर उभारलं, आणि गहू कापणीला यायच्या आत टोळधाड आली. मग आयोवातलं बर ओक, मग परत वॉलनट ग्रोव्ह, आणि १८७९ मध्ये डाकोटा. बारा वर्षांच्या पोरीनं इतकी घरं बघितली.

यातलं सगळंच बापाच्या लहरीनं झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. १८६२ च्या कायद्यानं अमेरिकी सरकारनं १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली होती. पाच वर्षं तिथं राहा, घर बांधा, जमीन कसा, मग ती तुमची. भूमिहीन माणसाला असा मोह पडणारच. आमच्या पूर्वजांना तरी मारवाडातून दुष्काळानं आणि कर्जानंच ढकललं होतं, कुणी हौसेनं लोटा उचलला नव्हता. पण मोह कितीही योग्य असो, विचारायचं कुणाला हा प्रश्न उरतोच.

आईजवळ काय होतं? चिनी मातीची एक लहानशी बाहुली. प्रत्येक नव्या घरात बाप तिच्यासाठी भिंतीवर कोरीव फळी ठोकतो, आणि आई ती बाहुली तिथं ठेवते. ती ठेवली की घर झालं. ज्या घरात मन लागत नाही तिथं ती बाहुली लवकर बाहेर येत नाही. आणि आईजवळ एक शब्द होता. लग्नाआधी ती शिक्षिका होती. मुलींना शाळा मिळाली पाहिजे, आता याच्या पुढं पश्चिमेला जायचं नाही, असा शब्द तिनं नवऱ्याकडून घेतला, आणि त्यानं तो पाळला. पुढच्या पुस्तकांत त्याला ओरेगॉन खुणावत राहतं, पण तो जात नाही. अख्ख्या मालिकेत बाईनं बेत बदलल्याची एवढी एकच मोठी घटना आहे, आणि वाचताना ती सहज निसटून जाते. कारण थांबण्याची गोष्ट कुणी रंगवून सांगत नाही. निघण्याची सांगतात.

बापाच्या हातून बेत बिघडला की घर कशावर चालतं, हे बघायचं तर ‘द लाँग विंटर’ (१९४०) वाचावं. १८८० - ८१ चा हिवाळा. बर्फानं आगगाड्या महिनोन्‌महिने बंद. कोळसा संपला, रॉकेल संपलं, पीठ संपलं. तेव्हा घरातली माणसं वाळलेलं गवत पिळून त्याची लाकडं करतात आणि जाळतात. कॉफीच्या हातगिरणीत बियाण्याचा गहू दळतात, आळीपाळीनं, दिवसभर. आणि आई एका गुंडीला चिंधी बांधून, गाडीच्या कण्याला लावायच्या वंगणात बुडवून दिवा करते. ती गुंडीची वात वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून देव्हाऱ्याकडं बघितलं होतं. असलं काम आपण रोज करतो आणि त्याला काम म्हणत नाही. लॉरानं त्याला काम म्हटलं, पानंच्या पानं दिली. माझ्या मते हेच तिचं सगळ्यात मोठं देणं आहे.

आता तिची उणी बाजू. ‘प्लम क्रीक’चं पुस्तक आणि ‘सिल्व्हर लेक’ यांच्यामध्ये काही वर्षं गायब आहेत. ‘सिल्व्हर लेक’ उघडलं की ग्रेस नावाची आणखी एक धाकटी बहीण अचानक घरात असते. वाचणाऱ्या लहान मुलाला ते खटकत नाही, आईला खटकतं. त्या वर्षांत काय झालं? १८७५ च्या नोव्हेंबरात या घरात मुलगा झाला होता, फ्रेडी. पुढच्या ऑगस्टमध्ये, बर ओकला जायच्या वाटेवर नातलगांकडं थांबले असताना, तो नऊ महिन्यांचा होऊन गेला. बर ओकला हॉटेलात राबण्याचे दिवस आले, आणि शेवटी घरभाडं चुकतं न करता ते कुटुंब रात्रीच्या अंधारात तिथून निघालं. हे सगळं लॉरानं आधी मोठ्यांसाठी लिहिलेल्या आत्मकथनात आहे. ते तेव्हा कुणी छापलं नाही, ‘पायोनियर गर्ल’ या नावानं २०१४ मध्ये आलं. मुलांच्या पुस्तकांतून तिनं ते गाळलं.

मुलांसाठी लिहिताना एवढं गाळावं लागतं, हे मला कळतं. पण गाळल्याचा परिणाम काय होतो तेही बघायला हवं. फ्रेडी गेला, रात्रीची पळापळ गेली, आणि मागं उरलं ते पुढं पुढं जाणारं, फिडल वाजवणारं, हसतं कुटुंब. बापाच्या प्रत्येक बदललेल्या बेताची किंमत खोडली की तो बेत साहस दिसायला लागतो. आमच्या लोटा-दोरीच्या गोष्टीत तरी दुसरं काय होतं? दुकान मोठं झालं हे सांगतात. आधी दोनदा बुडालं होतं आणि सुनांचे दागिने गेले होते, हे मी घरात अठरा वर्षं काढल्यावर मला कळलं.

लक्ष्मीबाई इथं वेगळ्या आहेत, आणि म्हणूनच मला त्या मोठ्या वाटतात. नारायण वामन टिळक म्हणजे ‘फुलामुलांचे कवी’, मनाचे राजे. आज नाशिक, उद्या नागपूर, मग राजनांदगाव, मग मुंबई, मग आमचं नगर, राहुरी. कुठं जातो हे न सांगता निघून जायचे. हातातला पैसा दुसऱ्याच्या अडचणीला द्यायचे आणि घरात चुलीला काही नसायचं. लक्ष्मीबाई यातलं काही गाळत नाहीत. नवऱ्याचा राग, मार, माया, भोळेपणा, पोरांचं जाणं, सगळं येतं, आणि येतं ते हसत हसत. वाचताना तुम्ही खुदकन हसता आणि पुढच्या ओळीला घसा दाटतो. कुणाला वाटेल की हसण्यावारी नेऊन बाईनं नवऱ्याला माफ केलं. मला तसं वाटत नाही. ज्याला आपण हसलो त्याला आपण पूर्ण ओळखलं, आता तो आपल्याला फसवू शकत नाही. लक्ष्मीबाईंचं हसू या जातीचं आहे. भक्तीनं लिहिलं असतं तर टिळकांची पोथी झाली असती, आणि चिडून लिहिलं असतं तर फिर्याद. झालं ते माणसाचं चित्र.

त्या घरातली सगळ्यात मोठी बातमी १८९५ ची. १० फेब्रुवारीला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा काही जागा बदलण्याचा बेत नव्हता. यात बायकोची जात, माहेर, स्वयंपाकघर, देव, पोराचं भवितव्य, सगळं एका दिवसात उलटणार होतं. आणि ती तिथं नव्हती. तिच्यापर्यंत बातमी मागाहून पोचली. डोशिया आत्याची बातमी निदान आईच्या समोर बोलली गेली होती. इथं तेवढंही नाही.

पुढं काय झालं ते मात्र प्रेअरीवर कधी झालं नाही. लक्ष्मीबाई लगेच मागं गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पंढरपूरला राहिल्या, दुःखानं आजारल्या, पण राहिल्या. मग नवऱ्याकडं आल्या तेव्हाही स्वतःचं सोवळं घेऊन आल्या. एकाच घरात त्याचं वेगळं, तिचं वेगळं. आपल्यासारख्या बायकांना हे समजावून सांगायला नको. पाणी गाळण्यापासून सूर्यास्ताआधी जेवण्यापर्यंत आपला धर्म स्वयंपाकघरातच तर राहतो. आणि मग जातिभेद देवानं केला की माणसानं, याचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केला, स्वतःच्या दिवशी तो सोडला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलणं बरं की वाईट, हा माझ्या लेखाचा विषय नाही, आणि आपल्यापैकी अनेकींना तो निर्णय पटणारही नाही. माझं म्हणणं एवढंच की टिळकांच्या बेताला पाच वर्षं दाराबाहेर थांबावं लागलं. आत यायचं की नाही हे बाईनं ठरवलं. टिळकांनीही वाट बघितली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

आपल्यात ‘आलोचना’ हा शब्द आहे. हिंदीत त्याचा अर्थ समीक्षा, टीका. आपल्यात अर्थ वेगळा. आपल्या हातून जे घडलं ते गुरूसमोर काही न लपवता, काही न वाढवता सांगणं म्हणजे आलोचना. या कसोटीला लावलं तर ‘स्मृतिचित्रे’ ही आलोचना आहे. लक्ष्मीबाई स्वतःचा हट्ट, स्वतःचा वेडेपणा, सोवळ्याच्या नावाखाली स्वतःच केलेला तुसडेपणा, काहीच झाकत नाहीत. लॉराची पुस्तकं सुंदर आहेत, पण आलोचना नाहीत. निदान पूर्ण नाहीत.

याची किंमत एका ठिकाणी फार मोठी झाली आहे. कॅन्ससमधल्या ज्या माळावर बापानं घर बांधलं तो माळ ओसेज लोकांचा होता. ती जमीन अजून वसाहतीला खुली झालेलीच नव्हती. पुस्तकात ते लोक येतात ते भीती म्हणून किंवा देखावा म्हणून. १९३५ च्या आवृत्तीत तर त्या प्रदेशात माणसंच नव्हती अशा अर्थाचं वाक्य होतं. एका वाचकानं पत्र लिहून हे दाखवून दिलं, तेव्हा पुढच्या आवृत्तीत ‘माणसं’ काढून ‘वसाहतकरी’ असं केलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेनं आपल्या पुरस्कारातून लॉराचं नावही काढलं. त्यावर तिकडं पुष्कळ वाद झाला. मला वाटतं पुस्तकं वाचावीत, मुलांना वाचून दाखवावीत, पण त्या वाक्याशी थांबून दाखवावीत. जे विचारले गेले नाहीत त्यांच्या यादीत आई आहे, आंधळी मेरी आहे, आणि ओसेजही आहेत.

आणि आपण जैन बायका आहोत म्हणून यादीत आणखी एक नाव घालते. आपल्या पंधरा कर्मादानांत ‘फोडीकर्म’ आहे, जमीन फोडण्याचा धंदा. कोल्हापूर-सांगलीकडचे आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात आणि जपून करतात, म्हणून त्यावर मी वाद घालणार नाही. पण प्रेअरीचं वाचताना तो शब्द आठवतोच. ज्या टोळांनी बापाचा गहू खाल्ला, ती रॉकी पर्वतातल्या टोळांची जात. सूर्य झाकला जाईल अशा संख्येनं ते यायचे. पंचवीस-तीस वर्षांत ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली. १९०२ नंतर जिवंत टोळ कुणाला सापडला नाही. वसाहतवाल्यांच्या नांगरांनी आणि गुरांनी त्यांच्या अंडी घालायच्या जागाच मोडल्या, असं मानतात. गहू गेल्याचं दुःख खरं आहे. नांगराखाली काय गेलं तेही खरं आहे. (पहिल्या पुस्तकातलं डुकराचं आणि शिकारीचं प्रकरण मी लेकीला वाचून दाखवताना सोडून दिलं होतं. तेही गाळणंच झालं, मान्य करते.)

इथपर्यंत लिहून थांबले असते तर बरं वाटलं असतं. पुरुष बेत बदलतात, बायका बांधाबांध करतात, एवढं म्हटलं की आपण सगळ्या एका बाजूला येतो. पण लॉरानं मला तेवढ्यावर सोडलं नाही. ‘प्लम क्रीक’मध्ये एक प्रसंग आहे. लॉराची चिंध्यांची बाहुली, शार्लट. शेजारची एक लहान पोर ती मागते, रडते. आई लॉराला सांगते, तू आता मोठी झालीस, दे तिला. लॉरा देते. पुढं तीच बाहुली तिला डबक्यात गोठलेली, फाटलेली सापडते. आईला वाईट वाटतं. तुझा इतका जीव होता हे मला कळलं नाही, असं ती म्हणते. कळलं नाही, कारण विचारलं नाही. ज्या बाईला नवऱ्यानं कधी विचारलं नाही, तिनं पोरीला विचारलं नाही. पुढं मेरी आंधळी झाल्यावर शिक्षिका कुणी व्हायचं हेही असंच ठरतं. लॉराला ते नको असतं, पण ठरतं.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा मी नवी सून होते, कडेवर मूल होतं. सासरे बाजारातून आले आणि म्हणाले, तासाभरात निघायचंय. निघालो. मी दही विरजून ठेवलं होतं. परत आलो तेव्हा ते भांडं उघडायचं धाडस झालं नाही, भांड्यासकट टाकलं. पण ती वेळच तशी होती. तेव्हा कुणी कुणाला विचारत बसलं असतं तर सगळेच अडकलो असतो. त्याचा राग मी धरलेला नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट तशी नव्हती. गोपीपुऱ्यातलं जुनं घर सोडून पालकडं फ्लॅट घ्यायचं माझ्या नवऱ्यानं आणि मुलानं ठरवलं. दोन महिने बोलणं चाललं होतं. मला सगळं ठाऊक होतं. कोणता मजला, पूर्वेचं दार, देरासर किती पावलांवर, सगळ्यात माझं मत घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बेत ठरवणाऱ्यांत माझा पाट मांडला होता, आणि मी खुशीत होते. सुनेला ते कळलं एका संध्याकाळी, ताटं उचलताना. तिचं माहेर आमच्या जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर. खालच्या खोलीत ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची. “बरं मम्मी,” म्हणाली आणि ताटं घेऊन आत गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

त्या रात्री मला शार्लट आठवली. दरवर्षी संवत्सरीला मी त्या पोरीला “मिच्छामि दुक्कडं” म्हणते, ती मला म्हणते, आणि दोघी हसतो. कशाबद्दल, ते कधी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. उशीर झाला होता, बयाणा देऊन झाला होता. ती म्हणाली, जायला माझी ना नाही, फक्त शिकवणीच्या मुलांचं काय करायचं तेवढं बघा. परीक्षा होईपर्यंत आम्ही जुनं घर सोडलं नाही. बेतात एवढाच बदल झाला. चार महिन्यांचा.

आता पालच्या घरात बसून मी घराण्याची गोष्ट नव्यानं लिहायला घेतली आहे. चोपड्यात पुरुषांचे हिशेब आहेत, बायकांचे कुठंच नाहीत, म्हणून म्हाताऱ्यांना विचारत फिरते. दोनदा बुडालेलं दुकान लिहिलं. गेलेले दागिने लिहिले, कुणाचे किती ते जेवढं कळलं तेवढं. दह्याचं भांडं लिहिलं, शिकवणीची खोलीही लिहिली. पणजीपाशी अडले आहे. चुलतसासूबाईंना एक नाव आठवतंय, पण ते पणजीचं की तिच्या जावेचं, हे त्यांना सांगता येत नाही.